हॅनाचं गाणं की मायलीचं?

हॅना मॉन्टानाची सगळ्यात चांगली दहा गाणी कोणती, असं तिशीला टेकलेल्या कुणा अमेरिकन मुलीला विचारून पाहा. यादी लगेच मिळत नाही. आधी आपलीच उलटतपासणी होते. सिनेमातली गाणी धरायची का? दुसऱ्या अल्बमची दुसरी सीडी मोजायची की नाही? आणि मुख्य म्हणजे, ‘द क्लाइंब’चं काय करायचं? या शेवटच्या प्रश्नावर मैत्रिणी-मैत्रिणींत अबोला धरला जाऊ शकतो. ‘द क्लाइंब’ धरलं तर पहिल्या क्रमांकाचा निकाल बहुधा तिथेच लागतो आणि पुढच्या नऊ जागांसाठी भांडण उरतं. वगळलं तर मैदान मोकळं.

गाण्यांची क्रमवारी लावणं हा काही अमेरिकनांचा शोध नाही. बिनाका गीतमालेच्या पायऱ्यांवरून आपल्याकडच्या दोन पिढ्या हमरीतुमरीवर आल्या आहेत. पण तिथे गाणं कोणाचं, हे निदान माहीत असायचं. हॅनाच्या चाहत्यांची अडचण अशी, की ज्या गायिकेची गाणी त्या मोजताहेत ती कधी जन्मलीच नाही.

ज्यांच्या घरात त्या काळी आठ-दहा वर्षांचं मूल नव्हतं त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ‘हॅना मॉन्टाना’ ही डिस्ने चॅनेलची मालिका. 24 मार्च 2006 ला अमेरिकेत सुरू झाली, 16 जानेवारी 2011 ला संपली. चार सीझन, 98 भाग. टेनेसीहून कॅलिफोर्नियातल्या मालिबूला राहायला आलेली मायली स्ट्युअर्ट दिवसा साधी शाळकरी मुलगी असते आणि रात्री सोनेरी केसांचा विग चढवून हॅना मॉन्टाना नावाची पॉपस्टार होते. हे गुपित घरच्यांना आणि एक-दोन जिवलगांनाच ठाऊक. विग घातला की सख्खे वर्गमित्रसुद्धा तिला ओळखत नाहीत. यावर हसू नये. धोतर बदलून आलेला नायक आपल्या नाटकांत कोणालाच ओळखू येत नसे, ते आपण शंभर वर्षं चालवून घेतलंच की.

ही भूमिका केली मायली सायरसने. ती ऑडिशनला गेली होती नायिकेच्या मैत्रिणीच्या भूमिकेसाठी, वयाच्या अकराव्या वर्षी. नायिकेचं काम मिळालं आणि मग पात्राचं नावही बदलून मायली ठेवलं गेलं. मालिकेतला तिचा बाप म्हणजे तिचा खराखुरा बाप बिली रे सायरस. 1992 मध्ये ‘एकी ब्रेकी हार्ट’ या गाण्याने अमेरिकाभर गाजलेला कंट्री गायक. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मायलीचा जन्म. जन्मनाव मात्र मायली नव्हेच, डेस्टिनी होप. मालिकेत हा बाप हॅनाची गाणी लिहितो, असं दाखवलंय. म्हणजे डेस्टिनीची झाली मायली सायरस, तिची झाली मायली स्ट्युअर्ट, तिची झाली हॅना. एकाच गळ्यावर एवढे मुखवटे असताना ‘गाणं कोणाचं’ हा प्रश्न पोरखेळ राहत नाही.

खरी गाणी लिहिणारे अर्थात वेगळेच होते. शीर्षकगीत ‘द बेस्ट ऑफ बोथ वर्ल्ड्स’ मॅथ्यू जेरार्ड आणि रॉबी नेव्हिल या जोडीचं. ‘हायस्कूल म्युझिकल’मधलं ‘वुई आर ऑल इन धिस टुगेदर’ याच दोघांनी केलं होतं. नेव्हिलचं 1986 मध्ये स्वतःचं एक गाणं चांगलंच चाललं होतं, तर जेरार्ड हा केली क्लार्कसनच्या ‘ब्रेकअवे’चा एक सहलेखक. मुरलेली माणसं होती ही. शीर्षकगीत पुन्हा ऐकताना त्यांच्या कसबाची दाद द्यावीशी वाटते. मालिकेची सगळी भानगड, दिवसा ही आणि रात्री ती, नवख्या प्रेक्षकाला नावं पडद्यावरून सरकेपर्यंत समजायला हवी. शिवाय सात वर्षांच्या मुलीला ते दुसऱ्या दिवशी रिक्षात म्हणता यायला हवं. दोन्ही कामं त्यांनी चोख केली. अशी कामं करणाऱ्यांना आपण ‘धंदेवाईक’ म्हणून मोकळे होतो. मला तो शब्द तक्रारीचा वाटत नाही.

या गाण्यांचा पहिला अल्बम ऑक्टोबर 2006 मध्ये आला आणि बिलबोर्डच्या अल्बम-यादीत थेट पहिल्या क्रमांकावर बसला. पहिल्या आठवड्यात 2,81,000 प्रती खपल्या. टीव्ही मालिकेच्या गाण्यांचा अल्बम थेट पहिल्या क्रमांकावर उतरण्याची ही पहिलीच वेळ. त्याच आठवड्यात जॉन लेजंड आणि माय केमिकल रोमान्स यांचे नवे अल्बम बाजारात होते. दोघेही मागे पडले. कव्हरवर गायिका म्हणून नाव होतं ते हॅना मॉन्टानाचं.

जून 2007 मध्ये डिस्नेने दुसरा अल्बम काढला आणि चाहत्यांच्या वादाची पाचर तिथेच मारली गेली. अल्बमचं नाव ‘हॅना मॉन्टाना 2: मीट मायली सायरस’. दोन सीडी. पहिलीवर हॅना, दुसरीवर मायली सायरस स्वतःच्या नावाने. गळा तोच, वय तेच, पण एका पेटीत दोन गायिका. दुसऱ्या सीडीतलं ‘सी यू अगेन’ पुढे बिलबोर्डच्या मुख्य यादीत दहाव्या क्रमांकापर्यंत गेलं. त्याच्या लेखकांत अँटोनिना अर्माटो आणि टिम जेम्स यांच्याबरोबर तिसरं नाव आहे डेस्टिनी होप सायरस. हॅनाच्या नावावरचं सर्वांत वर गेलेलं गाणं म्हणजे 2009 चं ‘ही कुड बी द वन’, तेही बरोब्बर दहाव्यावर. म्हणजे या दोन गाण्यांपुरतं तरी विगसकट आणि विगशिवाय बाई दहाव्याच क्रमांकाला पोचल्या. बरोबरी. यावरून वाद मिटायला हवा होता, पण बरोबरीने कुठला वाद मिटतो?

इथे चाहत्यांचे दोन पंथ पडतात. एक सोवळा: कव्हरवर हॅनाचं नाव असेल तेच हॅनाचं गाणं. दुसरा सैल: मालिकेच्या छत्राखाली आलेलं सगळं आपलं. सोवळ्यांची यादी ओळखायला सोपी. तिच्यात ‘नोबडीज परफेक्ट’ वर असतं, ‘रॉक स्टार’ असतं, पहिल्या सीझनमधलं ‘धिस इज द लाइफ’ असतं. सैल पंथाच्या यादीत बापलेकीची गाणी घुसतात, सिनेमातली घुसतात, आणि शिखरावर ‘द क्लाइंब’.

एप्रिल 2009 मध्ये आलेल्या ‘हॅना मॉन्टाना: द मूव्ही’चा शेवट ज्यांना आठवतो त्यांना या भांडणाचं मूळ ठाऊक आहे. टेनेसीतल्या आपल्या गावात हॅनाचा कार्यक्रम चाललेला असतो. ती मध्येच थांबते, विग उतरवते आणि मायली म्हणून ‘द क्लाइंब’ गाते. गाव थक्क. मग गर्दीतून गळ घातली जाते की तू हॅनाच राहा, आम्ही कोणाला सांगणार नाही. ती पुन्हा विग चढवते आणि हॅना म्हणून ‘यूल ऑलवेज फाइंड युअर वे बॅक होम’ म्हणते. सोवळ्या पंथाला यापेक्षा भक्कम पुरावा काय हवा? पटकथेनेच सांगितलंय, विग खाली असताना गायलेलं गाणं हॅनाचं नाही.

गंमत म्हणजे ‘द क्लाइंब’ने मोठ्यांच्या सभेतही असाच घोळ घातला. जेसी अलेक्झांडर आणि जॉन मेब यांचं हे गाणं बिलबोर्डवर चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं आणि चित्रपटासाठी लिहिलेल्या गाण्यांच्या विभागात त्याला ग्रॅमीचं नामांकन मिळालं. मग लक्षात आलं, की ते या चित्रपटासाठी लिहिलंच गेलं नव्हतं. नामांकन मागे घेतलं गेलं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात इंग्लंडमध्ये ‘एक्स फॅक्टर’ जिंकलेल्या जो मॅकएल्डरीने ते विजेत्याचं गाणं म्हणून गायलं. ख्रिसमसचा पहिला क्रमांक त्यालाच मिळणार असं सगळे धरून चालले होते. दूरचित्रवाणीच्या या मक्तेदारीला कंटाळलेल्या लोकांनी मोहीम उघडून रेज अगेन्स्ट द मशीनचं ‘किलिंग इन द नेम’ हे 1992 चं संतापलेलं गाणं वर आणलं. आता सांगा, जे गाणं हॅनासाठी लिहिलं नाही, हॅनाने गायलं नाही आणि वर्षाच्या आत परक्याच्या तोंडी शोभलं, ते हॅनाच्या यादीत पहिलं कसं?

मराठी वाचकाला यात परकं वाटण्याजोगं काही नाही, असं मला वाटतं. पडद्यावर ओठ एकीचे, गळा दुसरीचा, हे आपण जन्मापासून पाहतो. 1949 च्या ‘महल’मधलं ‘आएगा आनेवाला’ आठवा. खेमचंद प्रकाशांची चाल, मधुबालाचा चेहरा. त्या गाण्याची तबकडी आली तेव्हा तिच्यावर गायिकेचं नाव छापलं होतं ‘कामिनी’, म्हणजे मधुबालाने रंगवलेल्या पात्राचं. रेडिओवर गाणं वाजू लागलं तशी, ही कामिनी कोण, अशी विचारणा श्रोत्यांकडून होऊ लागली आणि मग लता मंगेशकर हे नाव पुढे आलं. डिस्नेने जे ठरवून केलं ते आपल्याकडे रीत म्हणून चालत होतं. फरक एवढाच, की आपल्या श्रोत्यांनी खरं नाव मागून घेतलं. हॅनाच्या श्रोत्यांना खरं नाव पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि तरी त्यांना खोटंच हवं होतं.

अमेरिकेतही टीव्हीने गायक घडवण्याची परंपरा जुनी. 1966 मध्ये मालिकेसाठी चार पोरं गोळा करून ‘द मंकीज’ हा बँड उभा केला. वर्षभरात त्या पोरांनी आमची वाद्यं आम्हीच वाजवणार म्हणून बंड केलं. 1969 मध्ये तर ‘शुगर, शुगर’ हे पहिल्या क्रमांकाचं गाणं होतं ‘आर्चीज’ या कार्टूनमधल्या बँडचं. ते पूर्वज. हॅनाच्या बाबतीत नवं होतं ते हे, की खोटेपणाच गाण्यांचा विषय होता.

माझ्या दोन भाच्यांमुळे मी या भानगडीत पडले. थोरली डोंबिवलीची, धाकटी न्यू जर्सीत वाढलेली. थोरलीने हॅना हिंदी संवादांसकट पाहिली, कारण आपल्याकडे डिस्ने चॅनेल 2004 च्या डिसेंबरात आलं आणि परदेशी मालिका हिंदीतून दाखवू लागलं. धाकटीने मुळातून. एका दिवाळीत चकल्यांचा सोऱ्या फिरवता फिरवता दोघींची जुंपली. मुद्दा होता ‘बोन डान्स’चा.

हे काय प्रकरण? दुसऱ्या सीझनमध्ये मायलीवर जीवशास्त्रात नापास व्हायची पाळी येते. हाडांची नावं डोक्यात राहत नाहीत. मग ती ‘नोबडीज परफेक्ट’च्याच चालीवर हाडांची नावं बसवते आणि त्या-त्या हाडाला हात लावत नाच करते. पास होते. धाकटी म्हणत होती की हे स्वतंत्र गाणं धरायचं आणि त्याला पहिल्या पाचांत जागा द्यायची. थोरली म्हणाली, “विडंबनाला नंबर देतात का कधी?” धाकटीने उत्तरादाखल सोऱ्या खाली ठेवला आणि पीठ लागलेल्या हातांनी कवटीपासून पायाच्या बोटांपर्यंत सगळा सांगाडा गाऊन दाखवला, न अडखळता. “मावशी, शाळेत हेच म्हणत पेपर लिहिला मी. कुठलं ग्रॅमीवालं गाणं कोणाला पास करतं सांग.” बिनतोड होतं. थोरली मात्र बधली नाही. तेल तापून धूर निघू लागला तेव्हा तह झाला: ‘नोबडीज परफेक्ट’ वर चढवायचं आणि ‘बोन डान्स’ त्याच्या पोटात मोजायचं.

कागदावरचा हा वाद प्रत्यक्ष रंगमंचावर आला 2007 च्या ऑक्टोबरात, ‘बेस्ट ऑफ बोथ वर्ल्ड्स’ दौऱ्यात. सेंट लुईसला सुरुवात झाली. कार्यक्रमाचा पहिला अर्धा भाग हॅनाचा, दुसरा मायली सायरसचा. सुरुवातीला गायला जोनास ब्रदर्स. त्यातला निक म्हणजे पुढे आपला प्रियांकाचा नवरा. तिकिटाची छापील किंमत सत्तर डॉलरच्या आत, पण खिडकी उघडली की मिनिटांत तिकिटं गायब आणि दलालांकडे कित्येक पटींनी हजर. आईबाप इतके खवळले की मिसुरी, आर्कन्सॉ अशा राज्यांच्या महाधिवक्त्यांनी चौकश्या लावल्या. टेक्सासमधल्या एका सहा वर्षांच्या मुलीच्या नावाने निबंध स्पर्धेत तिकिटं जिंकली गेली. निबंधात लिहिलं होतं की बाबा इराकच्या युद्धात मारले गेले. ते खोटं निघालं आणि बक्षीस दुसऱ्या मुलीला गेलं. आईबापांनी काय काय केलं असेल याची कल्पना यावरून यावी. तिकिटं न मिळालेल्यांसाठी फेब्रुवारी 2008 मध्ये त्याच कार्यक्रमाचा त्रिमिती सिनेमा काढला. अवघ्या 683 चित्रपटगृहांत लागला आणि पहिल्या तीन दिवसांत 3 कोटी 10 लाखांवर डॉलर घेऊन गेला.

पण या दौऱ्यातली माझी आवडती गोष्ट वेगळी. हॅनाचा भाग संपताना जोनास ब्रदर्सबरोबर ‘वुई गॉट द पार्टी’ हे गाणं व्हायचं. त्याच्या शेवटी रंगमंचावर विग घालून नाचणारी मुलगी मायली नसायचीच. ती असायची तिची तोतया, कारण मायलीला कपडे बदलून स्वतःच्या रूपात यायला मिनिट-दोन मिनिटं लागत. जानेवारी 2008 मध्ये कोणी तरी हे कॅमेऱ्यात पकडलं, बोभाटा झाला, आणि मायलीच्या माणसांनी खुलासा केला की होय, तेवढ्यापुरती डबल वापरतो. फसवणूक झाली म्हणून ओरडणाऱ्यांना मी विचारेन, नेमकी कोणाची? जी मुलगी अस्तित्वातच नाही तिची भूमिका दोघींनी केली तर काय बिघडलं? तरीही आजच्या याद्यांत ‘वुई गॉट द पार्टी’ वर येत नाही. चाहत्यांचा हिशेब पक्का असतो.

मधली काही गाणी अशी आहेत की त्यांचं स्थान गाण्यामुळे हलत नाही, बाहेरच्या वाऱ्याने हलतं. ‘यूल ऑलवेज फाइंड युअर वे बॅक होम’ पाहा. ते टेलर स्विफ्टने मार्टिन जॉन्सनबरोबर लिहिलं. सिनेमात ती स्वतः ‘क्रेझियर’ गातानाही दिसते. 2009 मध्ये हा तपशील कोणाच्या खिजगणतीत नव्हता. पुढे टेलरबाईंची फौज वाढत गेली आणि तिच्यातले सैनिक हॅनाच्या याद्यांत शिरून या गाण्याला वर ढकलू लागले. जुन्या चाहत्यांना ही घुसखोरी वाटते. वाटू दे. गाणं चांगलं बांधलंय, हे त्यांनाही कबूल आहे. पाहुण्यांनी येऊन सांगितलं एवढंच त्यांचं दुखणं.

वयाचा वारा त्याहून मोठा. लहानपणी वर असलेली धांगडधिंग्याची गाणी खाली घसरतात. ‘आइस्क्रीम फ्रीझ’ आज कोणी मनापासून पहिल्या दहांत ठेवत असेल असं मला वाटत नाही. ‘हो-डाउन थ्रो-डाउन’ मात्र टिकतं, कारण लग्नाच्या पार्टीत त्याच्या पायऱ्या सगळ्यांना आठवतात. वर चढतात ती सावकाश गाणी. सिनेमात बापलेक गिटार घेऊन बसून गातात ते ‘बटरफ्लाय फ्लाय अवे’ दहाव्या वर्षी पळवून पुढे न्यायचं गाणं होतं. आता ज्यांना स्वतःच्या मुली आहेत त्या ते पहिल्या तिनांत ठेवतात. चौथ्या सीझनमध्ये मायली सगळ्यांसमोर विग उतरवून गुपित फोडते, त्या भागाला ज्याचं नाव आहे ते ‘आयल ऑलवेज रिमेंबर यू’ही असंच उशिरा वर आलं.

शिवाय मायली सायरस स्वतः बदलत गेली तसा तिचा मागचा आवाज वेगळा ऐकू येऊ लागला. 2013 च्या ‘रेकिंग बॉल’च्या वेळी, ही पोरगी हाताबाहेर गेली म्हणून ज्यांनी याद्याच फाडून टाकल्या होत्या त्यांनी पुढे त्या पुन्हा चिकटवल्या. 2019 मध्ये तिच्या स्वरतंतूंवर शस्त्रक्रिया झाली. फेब्रुवारी 2024 मध्ये ‘फ्लॉवर्स’ला ग्रॅमी मिळालं, मायलीचं ते पहिलं. आता तिचा खर्जातला, खरखरीत गळा ओळखीचा झालेले कान 2007 ची गाणी पुन्हा ऐकतात आणि चकचकीत मिश्रणाखाली तोच टेनेसीचा हेल, तीच खरखर हुडकून काढतात. कुठल्या गाण्यात ती जास्त सापडते यावरून गुण देतात. म्हणजे कारखान्याला जिथे रंधा नीट मारता आला नाही तिथे मार्क जास्त. बिचारे जेरार्ड आणि नेव्हिल!

मला ही गुणपद्धत मान्य नाही. हॅनाच्या यादीत मायली शोधत बसायचं तर हॅनाची यादी करायचीच कशाला? मायलीची करावी, ती करायला पुष्कळ गाणी आहेत. हॅनाचं सर्वोत्तम गाणं ते, जे दुसऱ्या कोणाच्या तोंडी गेलं की पोकळ होतं. या कसोटीवर ‘द क्लाइंब’ पहिल्याच फेरीत बाद. ‘बटरफ्लाय’ बापलेकीचं, ‘आयल ऑलवेज रिमेंबर यू’ निरोपाच्या कुठल्याही समारंभात चालेल. शीर्षकगीत जवळ येतं, पण ते सगळं उघड सांगून टाकतं. उरतं दुसऱ्या अल्बममधलं ‘रॉक स्टार’. लक्ष वेधायला धडपडणारी एक साधी मुलगी सुचवते, की कोण जाणे, मी रॉक स्टारसुद्धा असेन! मायलीने म्हटलं तर ते गुपित फोडणं, हॅनाने म्हटलं तर नुसती फुशारकी, आणि ऐकणाऱ्या आठ वर्षांच्या मुलीला दोन्ही एकाच वेळी कळतं. गिटारही झकास वाजलीय. माझ्या यादीत ते पहिलं.

दोन्ही भाच्यांना कळवलं. थोरलीने ‘रॉक स्टार’ चौथं ठेवलंय, धाकटीने सहावं; आणि मी ‘बोन डान्स’ला कसोटी का लावली नाही, असा खुलासा दोघींनीही मागितला आहे.